टाचणीचं टेबल

रक्ताच्या नात्याचा उठता-बसता गजर करणारं ते घर. पण रक्त द्यायची वेळ आली तेव्हा देण्याजोगं रक्त घरातल्या एकाकडेही निघेना. मास्तरांच्या ऑपरेशनला लागलं तर असावं म्हणून घरच्यांनी रक्तपेढीत आधीच थोडं रक्त द्यावं, असं हॉस्पिटलने सुचवलं आणि सगळी मंडळी बाह्या सरसावून तिथे हजर झाली. सासूबाईंची साठी उलटलेली, त्यात आयुष्यात कधी रक्त दिलेलं नाही. या वयात पहिल्यांदा देणाऱ्याचं घेत नाहीत, असं सांगून त्यांना बाकावर बसवलं. नणंदेला मधुमेहाची इंजेक्शनं चालू, तिला दारातूनच नमस्कार. साहेबांची, म्हणजे घरच्या एकुलत्या एक चिरंजीवांची तब्येत खणखणीत. पण नव्या बायकोच्या नावाचं पहिलं अक्षर त्यांनी नुकतंच मनगटावर गोंदवून घेतलं होतं, आणि गोंदवल्यावर काही महिने रक्त देता येत नाही. "प्रेम केलंस ते केलंस, कातडीवर कशाला लिहिलंस?" एवढंच सासूबाई लेकाला म्हणाल्या.

शेवटी आत गेली ती एकटी टाचणी. वजनाच्या काट्यावर ती जेमतेम पास झाली. खिडकीतल्या मुलीने पेशंटशी नातं काय म्हणून विचारलं तेव्हा ती फॉर्मची कड सरळ करत राहिली, कारण साहेबांशी तिचा घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली होती. नणंदेने मागून सांगितलं, "लिहा, घरचीच आहे." सासूबाईंनी ते ऐकलं आणि पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या.

टाचणी हे नाव मास्तरांनी, म्हणजे सासऱ्यांनी ठेवलेलं. अंगाने काडी, पण एकदा जिथे बसली तिथलं कापड तसूभर सरकू देणार नाही, म्हणून. लग्न होऊन ती आली तेव्हा वर राहतं घर आणि खाली पडदे शिवायचा कारखाना होता, आजही आहे. पहिल्याच आठवड्यात ती पाणी द्यायला म्हणून खाली गेली आणि मास्तर मखमलीचा ताका सोडत होते ते बघत उभी राहिली. पाण्याचा तांब्या हातात तसाच. मखमलीला उलटसुलट अंग असतं, हात फिरवून ते ओळखायचं आणि सगळे पट्टे एकाच अंगाने कापायचे, नाहीतर एकाच खिडकीत दोन रंग दिसतात, हे त्यांनी तिला तेव्हा सांगितलं. पुढे चुण्यांचा हिशोब शिकवला, अस्तर शिकवलं, खिडकी मोजताना भिंतीवर विश्वास ठेवायचा नाही हे शिकवलं. खिडकीजवळचं टेबल हळूहळू तिचं झालं. सासूबाई म्हणायच्या, ही नवऱ्याशी नाही, कापणीच्या टेबलाशी लग्न करून आली आहे. बोलणं तिखट होतं, पण खोटं नव्हतं.

साहेबांना कापडात कधी रस नव्हता. ते विमा कंपनीत लागले, टाय बांधायला लागले आणि तेव्हापासून बापासकट सगळे त्यांना साहेब म्हणायला लागले. त्यांची दुसऱ्या गावी बदली झाली तेव्हा टाचणीने आज येते, उद्या येते करत दोन हंगाम काढले. एकदा ते जिन्यात उभं राहून म्हणाले, तू माझी बायको आहेस की बाबांची कारागीर? या प्रश्नाला लगेच उत्तर द्यायचं असतं. टाचणीने विचार केला, आणि त्या विचार करण्यातच संसार संपला. कागद झाले. नवरा सोडून त्याच्याच आईबापाच्या घरात कोण राहणार? तीही निघाली. सासूबाईंच्या मते हिच्यापायी लेक घराबाहेर गेला तो गेलाच. आणि खरं सांगायचं तर त्यांचंही फार चुकत नव्हतं.

तेव्हापासून टाचणी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहत होती आणि तयार कपड्यांच्या दुकानासाठी पँटचे पाय आखूड करून देत होती. पोटापुरतं मिळत होतं. पण रस्त्याने जाताना तिची मान आपोआप वर व्हायची आणि ती लोकांच्या खिडक्या बघायची. हा पडदा मास्तरांचा, हा नाही. हा त्यांचा, पण घाईत केलेला, तब्येत बरी नसणार. अशी ती त्यांची ख्यालीखुशाली खिडक्यांवरून वाचायची. त्या घराची तिला फार ओढ होती. नवऱ्याची नाही, घराची. हे कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण अशा ओढीला लोक नावं ठेवतात.

मास्तरांच्या दोन्ही किडन्या गेल्याचं तिला नणंदेकडूनच कळलं. आठवड्यातले तीन दिवस ते डायलिसिसच्या खुर्चीत काढत होते आणि उरलेले त्या खुर्चीचा शीण काढण्यात. किडनी द्यायची तर जवळच्या नातेवाइकाने, असा नियम. बायको, मुलं, भावंडं अशी त्यांची यादी ठरलेली. मास्तरांचा रक्तगट ओ. ओ गटाच्या माणसाला ओ गटाचंच चालतं. सासूबाई आणि साहेब दोघेही बी. नणंद ओ, पण मधुमेह. यादी तिथे संपली. ज्यांचं नातं होतं त्यांचं रक्त जुळत नव्हतं, आणि जिचं रक्त जुळत होतं तिचं नातं उरलं नव्हतं. ती एक दिवस दुपारी येऊन कारखान्याच्या दारात उभी राहिली आणि नणंदेला म्हणाली, माझा गट ओ आहे.

मग तपासण्या झाल्या. रक्तदाब, साखर, हृदय, दोन्ही किडन्यांचे फोटो, शेवटी मनाच्या डॉक्टरशी गप्पा. सगळ्यात ती उत्तीर्ण. प्रत्येक वेळी डॉक्टर तिला एकटीला बसवून सांगायचे की तुम्हाला कधीही नाही म्हणता येईल, त्याचं कारण आम्ही कुणाला सांगणार नाही. तिला त्याचं हसू यायचं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्याकडे त्या घराला हवं असलेलं काहीतरी होतं, आणि ही माणसं तिला नाही म्हणायला शिकवत होती.

राहिली होती ती समिती. यादीबाहेरचं माणूस किडनी देत असेल तर हॉस्पिटलची समिती दोघांना बोलावते. त्यात पैसा नाही, दडपण नाही, कसलं आमिष नाही, निव्वळ माया आहे, अशी तिची खात्री पटली तरच परवानगी. आणि माया असल्याच्या खुणा बरोबर आणायच्या. समन्वयक बाईंनी बजावलं होतं, "जुने फोटो असतील ते आणा. एकत्र राहिलात ना? मग फोटो असणारच."

फोटो होते. समितीच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी सगळे घरी जमले होते तेव्हा, नणंदेने आईकडे अल्बम मागितला. सासूबाई म्हणाल्या, सापडत नाही. नणंद कपाटाकडे निघाली तशा म्हणाल्या, थांब, मीच काढते. जेवणाच्या टेबलावर त्यांनी अल्बम ठेवला आणि चहाचं आधण टाकायला निघून गेल्या, जणू चहा कुणी मागितलाच होता.

नणंदेने पान उलटलं, मग दुसरं, मग पटापट चार. फोटोंमध्ये भोकं होती. ओरबाडलेली, फाडलेली नव्हेत; खांदा, मान, केस, सगळ्याच्या कडेकडेने कात्री फिरवून काढलेली माणसाच्या आकाराची भोकं. लग्नाच्या फोटोत साहेब एका भोकाशेजारी छान हसत उभे होते. नणंदेचं बाळ एका भोकाच्या मांडीवर बसलं होतं. टाचणीला राग यायला हवा होता, पण ती एकेका भोकाकडे बघत होती आणि तिथे आपण काय घातलं होतं, कशाला हसत होतो, ते तिला आठवत होतं. या घरात आपण होतो, याचा इतका पक्का पुरावा तिने आजवर पाहिला नव्हता.

मास्तरांनी चष्मा लावला आणि अल्बम उजेडात धरला.

"लहान कात्री वापरलीस," ते स्वयंपाकघराकडे बघून म्हणाले. "कापलंयस झकास. वळणावर कुठे हात थरथरला नाही. पण इथे फसलीस बघ."

तो फोटो कारखान्यातला होता. मास्तर टेबलापाशी बसलेले, मागे भोक, आणि त्यांच्या खांद्यावर एक हात. बोटावर शिवताना घालायची पत्र्याची टोपी. हात काढायचा तर मास्तरांचा खांदा कापावा लागला असता. म्हणून मनगटाशी कात्री थांबली होती आणि हात तेवढा राहिला होता.

"मला कापायचं जिवावर आलं होय?" मास्तर म्हणाले.

"तुम्हाला भोक पाडून कपाटात ठेवायला मी काही वेडी नाही," सासूबाई आतून म्हणाल्या. नणंदेला हसू फुटलं, साहेबांनाही आवरलं नाही. हसणं संपल्यावर मात्र सगळ्यांना एकदम अवघडल्यासारखं झालं. चहा आला तेव्हा सासूबाईंनी सगळ्यांचे कप हातात दिले आणि टाचणीचा टेबलावर ठेवला.

पुढचा तास नणंदेने रंगीत तालीम घेतली. ती शाळेत शिकवणारी, तिला प्रश्न विचारायची हौसच. ती अध्यक्ष झाली, टाचणीला समोर बसवलं. का देता आहात? कुणी जबरदस्ती केली? पैसे? याच्या बदल्यात तुम्हाला काय मिळणार? काही नाही, असं टाचणी म्हणाली. इतक्या घाईने म्हणू नकोस, पाठ केल्यासारखं वाटतं, असं नणंद म्हणाली. मग टाचणीने जरा थांबून म्हटलं, काही नाही. ते पहिल्यापेक्षा खोटं वाटलं. सासूबाई चहाचे कप गोळा करत होत्या. त्यांचे हात त्या उत्तराला थांबले आणि पुन्हा चालू लागले.

मास्तरांची तालीम कुणी घेतली नाही. त्यांना कुणी काही शिकवायचं नसतं, हा त्या घराचा जुना रिवाज. तोच अंगाशी आला.

तालीम संपल्यावर ते तिला घेऊन खाली गेले. एकेक पायरी थांबत उतरले. कारखाना रविवारचा बंद होता आणि नव्या कापडाचा खळीचा वास भरून राहिला होता. टाचणीने तो वास छातीभर घेतला. खिडकीजवळच्या टेबलावरचे ताके उचललेले होते. टेबल पुसलेलं, मशीनला तेल घातलेलं, खडू नवा, कात्रीला धार लावलेली.

"कारखान्यातली मुलं म्हणाली, इथे ताके ठेवू," मास्तर म्हणाले. "मी म्हटलं, ठेवा, ती येईपर्यंत. ऑपरेशन झालं की तू ये. वरची मागची खोली रिकामीच आहे. मी आता किती दिवस कापणार? हे सगळं पुढे तू बघ."

टाचणीने टेबलावर हात ठेवला. लाकडाच्या कडेला कात्रीची एक जुनी खाच होती, तिच्याच हातची. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसले नाहीत. हेच तर तिला हवं होतं. खिडक्यांकडे बघत फिरताना, दुसऱ्यांचे पाय आखूड करताना, इतकी वर्षं हे एकच हवं होतं. ती हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. मास्तरांनी ते हो धरलं.

जिन्यात साहेब भेटले. ते खाली येत नव्हते आणि वर जात नव्हते.

"तू परत येणार आहेस," ते म्हणाले.

"असं कुणी म्हटलं?"

"मशीनला तेल घातलंय. मला वास येतो." त्यांनी कठड्यावर हात ठेवला. "मी भांडत नाही. बाबांना किडनी देतेस, तुझे उपकार मोठे आहेत. पण तू इथे असलीस तर बायकोला घेऊन मला येता येणार नाही, एवढंच. आईला वाटतं मी कामामुळे येत नाही. मलाही घराची आठवण येते गं."

टाचणीला याचं नवल वाटलं. एकाच घरासाठी दोघं झुरत होती आणि जिन्यात दोघांपैकी एकालाच जागा होती. तिने बाजूला होऊन त्यांना वाट दिली.

समितीची खोली साधी होती. लांब टेबल, पलीकडे पाच माणसं, मधे अध्यक्ष बाई. पांढरे आखूड केस, बोलणं शांत. खिडकीला पडदा नव्हता, प्लास्टिकच्या पट्ट्या होत्या. मास्तरांनी त्यांच्याकडे बघून नाक मुरडलं असणार, असं टाचणीला आत जाता जाता वाटून गेलं. आधी मास्तर एकटे आत जाऊन आले होते आणि फार खुशीत बाहेर आले होते. सगळं खरंखरं सांगितलं, असं म्हणाले.

तिला पेशंटशी नातं विचारलं. ती म्हणाली, मी त्यांची सून होते. मग काय आहात आता? ते मला सांगता येत नाही, ती म्हणाली. अध्यक्ष बाईंनी फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि भोकाकडे बोट न दाखवता खांद्यावरच्या हाताकडे दाखवलं. हा कुणाचा? टाचणीने आपला हात टेबलावर ठेवला. बाकीच्या चौघांनी माना लांब करून फोटोतला हात आणि टेबलावरचा हात ताडून पाहिला. इथवर सगळं ठीक चाललं होतं.

"याच्या बदल्यात तुम्हाला काय मिळणार आहे?"

"काही नाही," टाचणी म्हणाली. अगदी योग्य वेळ घेऊन म्हणाली. नणंदेने पाठ थोपटली असती.

अध्यक्ष बाईंनी पेन खाली ठेवलं. "त्यांनी आम्हाला वेगळं सांगितलं. काम, राहायला खोली, पुढे कारखानाही. ऑपरेशन झालं की. हे शब्द त्यांचे."

टाचणीची कानशिलं तापली. मास्तरांनी मायेपोटी सांगितलं होतं, अभिमानाने सांगितलं असणार. आमचं नातं किती घट्ट आहे ते बघा, म्हणून. आणि त्याच मायेने वाट अडवली होती.

अध्यक्ष बाईंनी तिला रागावल्याशिवाय समजावलं. माणूस पैशासाठीच अवयव विकतो असं नाही. कुणी नोकरीसाठी देतं, कुणी छपरासाठी, कुणी आपलं म्हणवून घेण्यासाठी. देणाऱ्याला वाटतं ती माया. पण दिलं नाही तर ते छप्पर मिळणार नसेल, तर तो सौदाच झाला. हा नियम तुमच्यासाठीच आहे, त्या म्हणाल्या. तुम्हाला कुणी भोळेपणाने विकत घेऊ नये म्हणून. या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या असतील तर परवानगी देता येणार नाही. घरच्यांशी बोला, अर्ध्या तासाने परत या, आणि घरचं एक माणूस साक्षीला आणा.

बाहेर बाकावर नणंदेने कपाळावर हात मारला. बाबा, असं कुणी सांगतं का? तिने त्यांना आत जाऊन शब्द मागे घ्यायला सांगितलं. मास्तर हटून बसले. ते म्हणाले, "टेबल तिचंच आहे. किडनीच्या आधीपासून तिचं आहे. मी काय खोटं बोललो?" नणंद म्हणाली, आधीपासून तिचं होतं तर आधी का नाही बोलावलंत? मास्तर सासूबाईंकडे बघायला लागले, सासूबाई साहेबांकडे, आणि साहेब आपल्या मनगटाकडे. कुणीच बोलावलं नव्हतं. दार बंद करायला एक जण लागतो. ते तसंच राहू द्यायला सगळं घर लागतं.

मास्तरांचे पाय सुजलेले होते, चपलेचा पट्टा सैल करून ठेवला होता. चेहरा मातीसारखा. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या खुर्चीत बसायचं होतं, आणि डॉक्टरांनी नणंदेला बाजूला घेऊन सांगितलं होतं की त्या खुर्चीवर फार भरवसा ठेवू नका. टाचणी त्यांच्या पायांकडे बघत राहिली. मग उठली.

"साक्षीला मी येते," सासूबाई म्हणाल्या. नणंद आधीच उठली होती, तिला त्यांनी खाली बसवलं. टाचणीला कारण कळलं. या बाईला आपल्या कानांनी ऐकायचं होतं.

आत दोघी शेजारी शेजारी बसल्या. कितीतरी वर्षांनी.

"मी त्या घरात परत जाणार नाही," टाचणी म्हणाली. "काम नको, खोली नको. त्यांनी दिलं तरी घेणार नाही. किडनी देईन आणि माझ्या खोलीवर जाईन."

"हे परवानगीसाठी म्हणताय?"

"हो. परवानगीसाठीच म्हणते आहे. पण म्हटलं की तसं वागेन."

"कायमचं?"

"कायमचं."

अध्यक्ष बाई पुढे झुकल्या. "तुम्हाला जायचंय का तिथे? मिळणार का, असं विचारत नाही. जायचंय का?"

टाचणीला वाटलं होतं की आपण रडणार नाही, आणि ती रडली नाहीही. "खूप," ती म्हणाली. "इतकं की मी रस्त्याने जाते तेव्हा त्यांनी शिवलेले पडदे शोधते. पण तुम्ही मला मिळणार काय ते विचारलंत. हवं काय होतं, ते तुमच्या नियमात बसत नाही. ते माझं मी बघेन. मास्तर जिवंत राहू देत. ते तिथे टेबलाशी उभे आहेत, एवढं मला खोलीवर बसून ठाऊक असलं तरी पुरे."

"आणि किडनी द्यायची नाही, असं आता ठरवलंत तरी घरचं कुणी तुम्हाला काही बोलणार नाही, ही जबाबदारी आमची."

"देणार आहे," टाचणी म्हणाली.

अध्यक्ष बाईंनी सासूबाईंना विचारलं, हे तुम्ही ऐकलंत? तुमचं काही म्हणणं? त्यांना हवं ते सगळं त्यांच्या पदरात पडलं होतं: नवरा जगणार होता, लेकाला घर मोकळं होणार होतं, आणि ही बाई स्वतःच्या तोंडाने जाते म्हणाली होती. त्या नुसतं "ऐकलं" म्हणाल्या. आवाज इतका बारीक आला की अध्यक्ष बाईंशेजारच्या गृहस्थांनी पुन्हा विचारलं.

परवानगी मिळाली. दोघी उठल्या. दाराशी सासूबाई थांबल्या आणि दार उघडेनात. मुठीवर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या.

"एवढं हवं होतं तर," त्या दाराकडे बघत म्हणाल्या, "कधी बोलली नाहीस."

"कुणाला सांगणार होते, आई?"

आई हा शब्द तिने इतकी वर्षं चुकवला होता, तो चुकून बाहेर आला. सासूबाईंनी तो दुरुस्त केला नाही. त्यांनी डोळे पुसले, नाक ओढलं आणि दार उघडलं.

बाहेर नणंद धावत आली. मिळाली म्हटल्यावर तिने टाचणीला मिठीच मारली, साहेबांनी दोन्ही हात जोडले. मास्तर मात्र बसल्या जागेवरून टाचणीकडे बघून मिस्कील हसले. त्यांना वाटलं, खरं बोलण्याचा विजय झाला.

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" ते म्हणाले. "आता असं कर. एका नाट्यगृहाचं काम आलंय, सगळी मखमल. आपल्याकडे एवढं काम कधी आलं नव्हतं. मी कात्री लावलेली नाही अजून. तू आलीस की दोघं मिळून लावू. येशील ना?"

टाचणीला त्यांच्याशी कधी खोटं बोलता आलं नव्हतं. मास्तर वाट बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून कुणाचाही जीव तुटला असता.

"येईल," सासूबाई म्हणाल्या. त्या टाचणीच्या शेजारीच उभ्या होत्या, तिच्या पुढे नाही आणि मागे नाही. "न यायला काय झालं? तुम्ही आधी बरे व्हा. ती येईल तेव्हा येईल, तिला घाई करू नका."

नवऱ्याला त्या पहिल्यांदाच खोटं सांगत होत्या, आणि ते टाचणीसाठी सांगत होत्या. मास्तरांचं समाधान झालं. ते चपलेचा पट्टा लावायला वाकले आणि मखमल कुठल्या रंगाची आहे ते सांगत राहिले. टाचणी सगळं नीट ऐकत होती: किती पट्टे, अस्तर कुठलं, चुण्या किती खोल. तिला त्या घरात किती यायचं होतं हे आता समितीच्या खोलीबाहेर दोनच बायकांना ठाऊक होतं, आणि त्यातली दुसरी तिच्या कोपराला घट्ट धरून उभी होती.